तेलाची तीन कामं आणि एअर फ्रायरमधला डोनट

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या माझ्या मावशीचा तळणीवर हात बसलेला आहे. तिच्या करंजीला फोड येत नाहीत, अनारसा कढईत हसत नाही, आणि तेल पुरेसं तापलं की नाही हे ती नुसत्या वासावरून सांगते. अशा बाईनं एका रविवारी मला फोन करून बोलावून घेतलं. "ये की गं जरा. ह्या डब्यानं माझं सगळं पीठ वाया घालवलं." मुलानं दिवाळीत एअर फ्रायर घेतला होता आणि नातवाला डोनट हवे होते. मावशीनं तळणीला मळतात तसं घट्टसर पीठ मळलं आणि २०० अंशांवर दहा मिनिटं लावून दिलं. मी पोचले तेव्हा ताटात सहा डोनट होते. वरून काळपट, खालून पांढरे, बोटानं वाजवले तर टकटक आवाज करणारे. एक मोडून बघितला, तर मधोमध ओलं, चिकट, कच्चं पीठ.

यात मावशीचं काही चुकलं नव्हतं. घोळ त्या नावानं केला होता. 'फ्रायर' म्हटल्यावर आपण त्याला बिनतेलाची कढई समजतो आणि कढईचे नियम लावतो. मुळात हे यंत्र कढईच्या कुळातलं नाहीच, ते भट्टीच्या कुळातलं आहे. कोल्हापुरात मिसळीबरोबर आपण जो स्लाइस ब्रेड खातो, तो ज्या भट्टीत भाजला जातो तिची ही छोटी आवृत्ती. आत वरच्या बाजूला विजेवर तापणारी कॉइल असते, तिच्यावर पंखा असतो. पंखा कॉइलजवळची तापलेली हवा खाली ढकलतो, ती जाळीच्या टोपलीतून फिरून पुन्हा वर जाते, पुन्हा तापते, पुन्हा खाली येते. जागा लहान आणि वारा जोराचा, म्हणून मोठ्या ओव्हनपेक्षा काम लवकर होतं. फिलिप्स कंपनीनं २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात हे यंत्र 'एअरफ्रायर' या नावानं मांडलं आणि पुढं तेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. गरम वाऱ्यावर भाजायची युक्ती मात्र बेकरीवाल्यांना त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होती.

हे एकदा पक्कं कळलं की डोनट का बिघडतो आणि कसा सुधारायचा, दोन्ही गोष्टी आपोआप उलगडत जातात. त्यासाठी आधी कढईतलं तेल नेमकं काय काय करतं ते बघू.

पहिलं काम उष्णता पोचवायचं. १८० अंशांना तापलेल्या ओव्हनचं दार उघडून आपण क्षणभर आत हात घालतो, गरम वाफारा लागतो, एवढंच. तेवढ्याच तापलेल्या तेलाचा एक थेंब मनगटावर उडाला तर फोड येतो. तापमान दोन्हीकडं सारखंच असतं, फरक उष्णतेच्या साठ्याचा असतो. एक लिटर तापलेल्या तेलात एक लिटर तापलेल्या हवेच्या हजारपटीहून जास्त उष्णता मावते. शिवाय तेल पदार्थाला सगळीकडून चिकटून असतं आणि हवा नुसती अंगावरून वाहत जाते. म्हणून कढईत डोनट दोन-तीन मिनिटांत होतो आणि एअर फ्रायरमध्ये त्याला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. पंख्याचा वारा ही तूट थोडी भरून काढतो, पूर्ण भरून काढत नाही.

दुसरं काम आकार धरायचं. मेदूवड्याचं ओलं पीठ हातावर थापून तेलात सोडलं की काही सेकंदांत त्याची बाहेरची कड पक्की होते आणि वडा वड्यासारखा राहतो. तेच पीठ एअर फ्रायरच्या जाळीवर ठेवलं तर ते पसरतं, भोकांतून खाली गळतं आणि चपटं होऊन सुकतं. हवेला कड धरायला वेळ लागतो. म्हणजे एअर फ्रायरमध्ये जाणाऱ्या पिठाला स्वतःचा कणा हवा, नाहीतर त्याला साचा तरी हवा.

तिसरं काम स्निग्धपणाचं. तळलेला डोनट मऊ लागतो, चकाकतो, त्याला साखर चिकटते, तोंडात खुसखुशीत चव येते. हे सगळं त्याच्या कडेत मुरलेल्या तेलामुळं. इथं एक गंमत सांगते. यातलं बरंचसं तेल डोनट कढईत असताना आत जातच नाही. तिथं आतली वाफ जोरानं बाहेर येत असते आणि ती तेलाला आत येऊ देत नाही. ते बुडबुडे म्हणजे तीच वाफ. डोनट बाहेर काढला की तो निवायला लागतो, आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. मावशी झाऱ्यावर घेतल्या घेतल्या करंजी उभी धरून झटकते, ती सवय या कारणासाठी शंभर टक्के बरोबर आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. ही तिन्ही कामं हवा तेलासारखी करत नाही. म्हणून ती आपल्याला वाटून करून द्यावी लागतात. आकार धरायचं काम मळणीवर टाकायचं. स्निग्धपणाचं काम आधी पिठात बटर घालून आणि नंतर वरून लावून करायचं. उष्णता सावकाश पोचते हे मान्य करून आच कमी ठेवायची. मावशीच्या त्या सहा डोनटांत यातली एकही गोष्ट झाली नव्हती.

पिठापासून सुरुवात करू, कारण डोनटचं निम्म्याहून जास्त नशीब तिथंच ठरतं. आठ डोनटांना अडीचशे ग्रॅम मैदा, पस्तीस ग्रॅम साखर, चाळीस ग्रॅम मऊ बटर, पाच ग्रॅम इन्स्टंट यीस्ट म्हणजे साधारण दीड छोटा चमचा, पाऊण छोटा चमचा मीठ, एक अंडं आणि एकशे दहा मिलीलीटर कोमट दूध. अंडं नको असेल तर दूध एकशे तीस आणि दोन मोठे चमचे घट्ट दही. वाटीनं मोजायची आपली पद्धत भाजी-आमटीला चालते, इथं मात्र वजनकाटा घ्याच. मैद्याची एक वाटी दाबून भरली आणि एक हलकी भरली तर दोन्हींत सहज वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक पडतो, आणि तेवढ्यानं पीठ घट्ट होतं.

दूध आधी उकळून कोमट करायचं. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचं म्हशीचं दूध आणलं असेल तर आपण ते उकळणारच, पण त्याचा फायदा नुसता जंतू मरण्यापुरता नाही. न उकळलेल्या दुधातली काही प्रथिनं पिठाची ताकद कमी करतात. उकळल्यावर त्यांचा जोर जातो आणि पीठ जास्त फुगतं. म्हशीच्या दुधातल्या सायीमुळं डोनट आणखी मऊ होतो, तो आपल्या कोल्हापूरकरांचा वेगळा फायदा. फक्त यीस्ट घालताना दुधात बोट बुडवून बघायचं. कोमट लागलं पाहिजे, चटका बसता कामा नये. यीस्ट जिवंत आहे. ती एक सूक्ष्म बुरशी आहे, पिठातली साखर खाते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. पस्तीस अंशांच्या आसपास ती खुशीत असते आणि पंचावन्न-साठ अंशांना मरते. ती मेली तर पुढं कितीही वाट बघा, पीठ तसूभर हलत नाही.

मळताना मैद्यातली ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिनं पाण्याच्या संगतीनं एकमेकांत गुंततात आणि रबरासारखं जाळं तयार होतं. त्याला ग्लुटेन म्हणतात. यीस्टनं सोडलेला वायू या जाळ्यात अडकतो, म्हणून पीठ फुगतं. जाळं अर्धवट झालं तर वायू निसटतो आणि डोनट भाकरीसारखा बसतो. म्हणून बटर सुरुवातीला घालायचं नाही. बटर प्रथिनांभोवती लेप धरतं आणि त्यांना एकमेकांत गुंतू देत नाही. आधी बाकीचं सगळं पाच-सहा मिनिटं मळायचं, मग बटर थोडं थोडं घालत आणखी सहा-सात मिनिटं.

या टप्प्यावर पीठ हाताला चिकटतं, परातीला चिकटतं, आणि चपातीची सवय असलेला हात न विचारता मैद्याच्या डब्याकडं जातो. मावशीचा गेला. मी तिचा हात धरला. "अगं, हे काय पीठ आहे? खीर आहे ही," म्हणाली. तिला म्हटलं, तीन मिनिटं थांब. परातीच्या कडेवर पीठ आपटायचं, ओढायचं, दुमडायचं, पुन्हा आपटायचं. आधी ते पाचही बोटांना लोंबत होतं. मग त्याचे धागे आखूड झाले, परातीचा तळ हळूहळू स्वच्छ दिसायला लागला, आणि चिकट चिखलाचा एक मऊ गुळगुळीत गोळा झाला. त्यातला लिंबाएवढा तुकडा घेऊन मी दोन्ही हातांच्या बोटांवर सावकाश ताणला. तो फाटला नाही. पातळ होत होत त्याचा पडदा झाला आणि खिडकीसमोर धरल्यावर पलीकडच्या गल्लीतला उजेड त्यातून दिसला. तो पडदा दिसेपर्यंत मळणं थांबवायचं नाही. दुसरी कुठलीच खूण इतकी खात्रीची नाही. आकार धरायचं जे काम तेल करत होतं, ते आता हे जाळं करणार.

गोळ्याला बटरचं बोट लावून, भांड्यावर ओलं फडकं टाकून ठेवायचं, दुप्पट होईपर्यंत. किती वेळ, याचं उत्तर घड्याळात नाही, हवेत आहे. एप्रिल-मेच्या उकाड्यात पाऊण तासात भांडं भरतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पंचगंगेवरून गार वारा येतो तेव्हा दीड-दोन तासही लागतात. त्या दिवसांत भांडं बंद एअर फ्रायरमध्येच, गरम पाण्याच्या वाटीशेजारी ठेवावं, मशीन सुरू न करता. पावसाळ्यात मैदा हवेतला ओलावा धरून बसतो, तेव्हा दूध एक-दोन चमचे हातचं राखून ठेवायचं आणि लागलं तरच घालायचं.

फुगलेलं पीठ हलकेच दाबून पोळपाटावर अर्धा इंच जाड लाटायचं. चपातीच्या सवयीनं इथंही हात पातळ करायला जातो. पातळ लाटलेला डोनट वाऱ्यात नुसता सुकतो. स्टीलच्या पेल्यानं गोल कापायचे आणि मध्ये बाटलीच्या टोपणानं भोक पाडायचं. भोक शोभेचं नाही. मधला भाग कडेपासून सगळ्यात लांब असतो, तिथं उष्णता सगळ्यात शेवटी पोचते. मध्यच काढून टाकला की कच्चं राहायला जागाच उरत नाही. १८४७ साली जहाजावर असताना हे भोक आपण पहिल्यांदा पाडलं, असं हॅन्सन ग्रेगरी नावाचा अमेरिकन खलाशी सांगायचा. मेदूवड्याला भोक पाडणाऱ्यांना हे शहाणपण वेगळं शिकवायची गरज नाही. एअर फ्रायरसाठी भोक जरा मोठं ठेवावं, एक इंचाहून थोडं जास्त, कारण फुगताना ते आकसतं आणि बुजलं की मध्य पुन्हा कच्चा राहतो.

कापलेला प्रत्येक डोनट बेकिंग पेपरच्या त्याच्याएवढ्या चौकोनावर ठेवायचा. पुन्हा फुगल्यावर तो इतका नाजूक होतो की बोटानं उचलला तर खड्डा पडतो. कागदासकट उचलला तर आकार राहतो. झाकून आणखी अर्धा तास ठेवायचा. झाला की नाही हे बघायला कडेला हळूच बोट टेकवायचं. खड्डा सावकाश, अर्धवट भरून आला तर वेळ झाली. झटकन भरला तर अजून थांबायचं. भरलाच नाही तर पीठ जास्त फुगलंय, मग एक क्षणही न थांबता भाजायला घ्यायचं.

आता यंत्र. आधी १७० अंशांवर तीन-चार मिनिटं रिकामं तापवायचं. रिकामं म्हणजे अगदी रिकामं. नुसता बेकिंग पेपर आत ठेवून तापवला तर पंखा तो उडवतो, तो वर कॉइलला चिकटतो आणि पेटू शकतो. कागदावर डोनटचं वजन असेल तरच तो आत जाऊ द्यायचा, आणि डोनटच्या बाहेर त्याची कड लोंबू द्यायची नाही.

१७० का आणि मावशीचे २०० का नाहीत? डोनट भाजताना दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात आणि दोघींचा वेग वेगळा असतो. बाहेर रंग येत असतो. साखर आणि प्रथिनं साधारण १४० अंशांच्या पुढं एकमेकांशी जुळतात आणि तपकिरी रंग, भाजल्याचा वास, ती खमंग चव तयार होते. लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ साली ही क्रिया मांडली, म्हणून तिला मायार प्रक्रिया म्हणतात. चपातीवरचे ठिपके, भाजलेलं खोबरं, तांबडा झालेला कांदा, सगळीकडं तिचाच हात आहे. आत मात्र पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, प्रथिनं घट्ट होतात, आणि मध्य नव्वद अंशांच्या आसपास पोचला की डोनट शिजला असं म्हणायचं. बाहेरून आत उष्णता सावकाश सरकते, तिला घाई करता येत नाही. २०० अंश लावले की रंग तीन मिनिटांत येतो आणि मध्य अजून चाळीस-पन्नास अंशांवर घुटमळत असतो. रंग बघून काढला तर कच्चा, आणि आत शिजेपर्यंत ठेवला तर बाहेर कोळसा. १७० वर दोघी जवळपास एकत्र पोचतात.

दुसरा घोळ सुकण्याचा. जोराचा गरम वारा ओल्या कपड्याला जे करतो तेच पिठाच्या कडेला करतो. भाजायच्या पहिल्या दोन मिनिटांत आतला वायू प्रसरण पावतो, वाफ होते, यीस्ट मरायच्या आधी शेवटचा जोर लावते, आणि डोनट झपाट्यानं वर येऊ बघतो. तोवर वरची कड सुकून कवच झालं असेल तर तो वर येऊ शकत नाही, आतल्या आत दाबला जातो किंवा बाजूनं फाटतो. म्हणून आत ठेवायच्या आधी मऊ ब्रशनं दूध आणि वितळलेलं बटर एकत्र करून पातळ हात फिरवायचा. कड थोडा वेळ ओली राहते, डोनट फुलतो, आणि दुधामुळं रंगही छान येतो. बाजारातले तेलाचे दाबून फवारायचे डबे यासाठी वापरू नका. त्यात बहुतेकदा लेसिथिन असतं, ते टोपलीच्या नॉनस्टिक थरावर चिकट होऊन बसतं आणि निघता निघत नाही. ब्रश स्वस्त आणि बरा.

एका वेळी चारच ठेवायचे, एकमेकांना न टेकता. वारा चारी बाजूंनी फिरला पाहिजे. दुसरा घाणा बाहेर वाट बघत असतो आणि तो फुगतच राहतो, म्हणून त्याला ओट्याच्या गार कोपऱ्यात ठेवायचं. चार मिनिटं झाली की उघडून बघायचं, कागद ओढून काढायचा, डोनट उलटायचे आणि आणखी एक-दीड मिनिट. प्रत्येक यंत्राची आच जरा वेगळी असते. पहिल्या घाण्यात समोर उभं राहून बघावंच लागतं.

बाहेर काढल्या काढल्या, वाफ निघत असतानाच, दोन्ही बाजूंना वितळलेलं बटर लावायचं. तेलाचं तिसरं काम आपण इथं पुरं करतो. कोरड्या डोनटला पिठीसाखर चिकटत नाही, खाली गळते. बटर लावल्यावर चिकटते आणि कडही मऊ पडते. वेलदोड्याची पूड किंवा जायफळ साखरेत मिसळलं तर फारच छान. दालचिनी आवडत असेल तर तीही इथंच, बाहेरून. पिठात भरपूर दालचिनी घातली तर तिच्यातलं तेल यीस्टला दाबून टाकतं आणि पीठ फुगायला रडवतं.

मावशीकडचे डोनट निघाले तेव्हा नातवानं एक हातात घेऊन फिरवून बघितला आणि विचारलं, "आज्जी, ह्याला पांढरी रेघ का नाही?" पोराची नजर बारीक. तळलेल्या डोनटच्या कमरेला एक फिकट पट्टा असतो. डोनट तेलावर तरंगतो, आधी एक बाजू बुडते, मग उलटल्यावर दुसरी, आणि मधली रेघ कधीच तेलात बुडत नाही. म्हणून ती पांढरी राहते. एअर फ्रायरमध्ये तरंगणं नाही, म्हणून रेघही नाही. उलट वरची बाजू कॉइलच्या जवळ असल्यानं जरा गडद आणि खालची जरा फिकट होते. तळलेला कुठला आणि वाऱ्यावर भाजलेला कुठला, हे या एका खुणेवरून कुणीही सांगेल. चवही तंतोतंत तळलेल्यासारखी नसते, तो बटर घातलेल्या मऊ बनच्या जातीचा लागतो. मला तो त्याच्या जागी मनापासून आवडतो. तळलेल्याशी मोजत बसलं तर मात्र खाणाऱ्याची निराशा होईल.

आता गुळाबद्दल, कारण कोल्हापुरात राहून डोनटला नुसती साखर लावणं मला पटत नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याची खरी गंमत गुऱ्हाळात दिसते. काहिलीत उसाचा रस आटतो, वर येणारा मळकट फेस काढला जातो, बाकी सगळं त्यातच राहतं. साखर कारखान्यात मळी, म्हणजे काळा दाट पाक, वेगळी करून शुद्ध साखरेचे कण काढतात. गुळात मात्र साखरेबरोबर थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं. या दोन्हींचे दोन परिणाम होतात. ती हवेतलं पाणी धरून ठेवतात, म्हणून गूळ घातलेला डोनट जास्त वेळ मऊ राहतो. आणि त्या मायार प्रक्रियेत ती साध्या साखरेपेक्षा पटकन भाग घेतात, म्हणून रंगही लवकर चढतो. पिठात साखरेऐवजी किसलेला गूळ घालणार असाल तर आच पाच-दहा अंशांनी उतरवा आणि मिनिटभर आधी उघडून बघा.

वरून लावायला ऐंशी ग्रॅम गूळ दोन मोठे चमचे पाण्यात मंद आचेवर विरघळवायचा, गाळून घ्यायचा, पुन्हा मिनिटभर उकळून खाली उतरवायचा आणि चमचाभर तूप घालायचं. दुधात गूळ उकळायला जाऊ नका, दूध फाटतं. पाक कोमट झाला की डोनटची एकच बाजू बुडवून जाळीवर ठेवायची. वर भाजलेले तीळ. संक्रांतीच्या आसपास ताज्या गुळाचे हे डोनट केले तर घरभर गुऱ्हाळाचा वास सुटतो. पावसाळ्यात हा पाक हवेतलं पाणी ओढून चिकट होतो, म्हणून तेव्हा खायच्या आधीच बुडवावा.

मळायचा कंटाळा असेल तर केकचा डोनट आहे. त्याला यीस्ट नको, बेकिंग पावडर लागते. पण त्याचं पीठ सैल, म्हणून तो सिलिकॉनच्या साच्यातच करायचा. वड्याची गोष्ट आठवा. साचा दोन तृतीयांश भरायचा आणि १६० अंशांवर आठ-दहा मिनिटं. सळई घालून बघायची, कोरडी निघाली की झालं.

तब्येतीचं विचाराल तर सरळ सांगते. वरच्या मापात आठ डोनटांना पिठातलं चाळीस ग्रॅम आणि वरून लावायला वीस ग्रॅम धरलं, तर एका डोनटाला साडेसात ग्रॅम बटर पडतं. तळलेल्यात पिठातल्या बटरवर आणखी तेल मुरतं आणि वजनाचा पाचवा हिस्सा ते चौथा हिस्सा स्निग्ध पदार्थ होतो. म्हणजे स्निग्ध खरंच बरंच कमी होतं, आणि तळणीचं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवायचा प्रश्नही मिटतो. पण मैदा तोच, साखर तीच. मधुमेह असलेल्यानं बिनतेलाचा म्हणून दोन जास्त खावेत, असं यात काहीही नाही. आणि काळपट होईपर्यंत भाजू नका. पीठ, बटाटे यांसारखे पदार्थ कोरड्या आचेवर गडद भाजले की त्यात अ‍ॅक्रिलामाइड नावाचं, शरीराला घातक मानलं जाणारं रसायन वाढतं, हे स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवून दिलं. ते तळण्यात होतं तसं गरम वाऱ्यातही होतं. बदामी रंगावर थांबणं चवीलाही चांगलं आणि शरीरालाही.

वीज फार लागत नाही. पंधराशे वॉटचं यंत्र दोन घाणे आणि तापवण्याचा वेळ धरून पंधरा-सोळा मिनिटं चाललं तरी अर्ध्या युनिटच्या आत काम होतं. पण पेठेतल्या जुन्या घरांमध्ये एक गोष्ट तपासा. पंधराशे वॉटला साडेसहा अँपिअर करंट लागतो आणि भिंतीवरचा लहान सॉकेट सहा अँपिअरचा असतो. मिक्सरच्या सॉकेटला एक्स्टेन्शन लावून हे यंत्र चालवलं की वायर गरम होते. मावशीकडं तसंच होतं. फ्रिजशेजारचा सोळा अँपिअरचा मोठा सॉकेट रिकामा होता, तिथं हलवलं.

उरलेले डोनट फ्रिजमध्ये ठेवू नका. भाजताना पाणी पिऊन फुगलेला स्टार्च निवल्यावर पुन्हा कडक व्हायला लागतो, आणि फ्रिजच्या गारव्यात ही गोष्ट बाहेरच्यापेक्षा जास्त वेगानं होते. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी घट्ट झाकणाच्या डब्यात ओट्यावरच ठेवावेत. जास्त दिवस ठेवायचे असतील तर साखर किंवा पाक न लावता थेट फ्रीजरमध्ये. खाताना १६० अंशांवर दोन-तीन मिनिटं गरम केले की कडक झालेला स्टार्च पुन्हा सैल होतो आणि डोनट जवळजवळ ताज्यासारखा मऊ होतो. मावशी आता शनिवारी रात्री पीठ मळून भांडं फ्रिजमध्ये ठेवते. भाजलेल्या डोनटला जो गारवा नको असतो, तो कच्च्या पिठाला चालतो. यीस्ट तिथं सावकाश काम करते आणि चव आणखी खुलते. सकाळी नातू उठायच्या आधी ती गोळा बाहेर काढते, तासभर ओट्यावर ठेवते आणि पोळपाट घेते.